आठ हात, राबतात दोनच!

नवा कॉम्प्युटर घेतला. त्यात आठ ‘कोअर’चा प्रोसेसर बसवला. तरीही लग्नाचे तीन हजार फोटो बाहेर पडायला अख्खी रात्र जाते. दोष कुणाचा? यंत्राचा, सॉफ्टवेअरचा की विकत घेणाऱ्याच्या हिशेबाचा?

तुळशीचं लग्न लागलं, की माणसांच्या लग्नांचा सपाटा सुरू होतो आणि फोटोग्राफरच्या झोपेचं खोबरं होतं. लुधियाना असो, राजकोट असो, इंदूर असो की सांगली. चित्र सगळीकडे सारखंच. साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन... त्यात आता ‘प्री-वेडिंग’ची भर. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. बटण दाबण्याआधी फोटोग्राफर दहादा विचार करायचा. आणखी एक रोल टाकायचा म्हटलं, तर वधुपित्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आता मेमरी कार्डाला तो धाक राहिलेला नाही. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो सहज निघतात.

फोटो काढण्यात दोन दिवस जातात. खरी कसोटी असते ती त्यानंतर. फोटो निवडायचे, अंधारलेले उजळायचे, नवरीच्या शालूचा रंग शालूसारखा आणायचा. हे सगळं माणसाचं काम. ते उरकलं, की शेवटी कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा : ‘सगळे फोटो तयार करून दे.’ याला धंद्यातला शब्द आहे ‘बॅच एक्स्पोर्ट’. म्हणजे गठ्ठ्यानं फोटो बाहेर काढणं. या वेळी माणसानं काही करायचं नसतं. फक्त वाट पाहायची.

आणि तिथंच घोडं पेंड खातं. एका फोटोला आठ सेकंद लागतात असं धरलं, तर तीन हजार फोटोंना सहा तास चाळीस मिनिटं लागतात. इकडे फोन वाजतच असतो. ‘दादा, झाले का फोटो? मुलगी परवा सासरी निघालीय. तिकडच्या मंडळींना दाखवायचेत!’ दादा म्हणतात, ‘उद्या नक्की देतो, ताई!’ त्या ‘उद्या’च्या पोटात पुढच्या लग्नाची ऑर्डर असते, करिझ्मा अल्बमचं डिझाइन असतं आणि लॅबवाल्याचा तगादाही असतो.

मग कुणीतरी सल्ला देतं, ‘तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय. आठ कोअरचा घ्या. चौपट वेगानं काम होईल!’ लाखाच्या घरातला खर्च. हप्ते बांधले जातात. नवं यंत्र टेबलावर येतं. पहिल्या लग्नाचे फोटो त्यात टाकले जातात. काम थोडं लवकर होतं, नाही असं नाही, पण चौपट? छे! यंत्राच्या पोटात डोकावून पाहिलं, तर काय दिसतं? आठ कोअरपैकी दोन-तीन घाम गाळत आहेत. बाकीचे आळीपाळीनं जांभया देत आहेत. प्रोसेसरचा वापर शंभर टक्के असायला हवा, तो चाळीसच्या आसपास रेंगाळतो आहे.

ही तक्रार एकट्यादुकट्याची नाही. जगभरच्या फोटोग्राफरांनी ती वर्षानुवर्षं केली. त्यामागचं कारण समजून घेतलं, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्याचेच नव्हे, तर घरी मुलांसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्या आई-वडिलांचेही पैसे वाचू शकतात.

घोड्याचा वेग थांबला, मग घोडे वाढले

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे आता शाळकरी पोरही सांगतं. या मेंदूचा वेग पूर्वी एकाच मापात मोजला जायचा. तो सेकंदाला किती ठोके टाकतो, त्या मापात. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियमचा वेग होता ६० ते ६६ मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला सहा कोटींहून अधिक ठोके. २००० सालच्या मार्चमध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतरानं एक गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोक्यांचा टप्पा गाठला. सात वर्षांत पंधरापट!

तो काळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या चैनीचा होता. त्यांनी काहीही करायचं नाही. तेच जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रात टाकायचं, की ते आपोआप जोरात पळायचं. पण वेग वाढला, तशी उष्णताही वाढली. नखाएवढ्या चिपमधली ही आग विझवायची कशी, हा प्रश्न पडला. अखेर ऑक्टोबर २००४मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. एकाच घोड्याला आणखी पळवणं अशक्य होतं.

मग कंपन्यांनी दुसरी वाट धरली. घोडा पळत नाही ना? मग दोन घोडे जुंपा! २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती कॉम्प्युटरसाठी एकाच चिपमध्ये दोन मेंदू बसवले. या प्रत्येक मेंदूला ‘कोअर’ म्हणतात. दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले. आज सोळा कोअरचा प्रोसेसरही दुकानात मिळतो.

त्याच २००५ साली हर्ब सटर या सॉफ्टवेअर-तज्ज्ञानं एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ होता : फुकटचं जेवण संपलं! यापुढे यंत्र वाढलं म्हणून सॉफ्टवेअर आपोआप पळणार नाही. काम अनेक कोअरमध्ये कसं वाटायचं, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागेल. आठ घोडे तबेल्यात बांधून उपयोग नाही. लगाम आठांचे हवेत आणि ते हाती धरणारा सारथीही हवा. सटरचा तो इशारा फोटोग्राफरांना पुढे चांगलाच अनुभवाला आला.

पुरणपोळीचं गणित

कोअर आठ झाले म्हणून काम आठपट वेगानं का होत नाही? याचं उत्तर कॉम्प्युटरच्या पुस्तकाआधी आपल्या स्वयंपाकघरात सापडतं.

पुरणपोळीचा बेत आहे असं समजा. डाळ शिजायला वीस मिनिटं लागतात. मग एकट्या गृहिणीला सगळ्या पोळ्या लाटायला आणि भाजायला ऐंशी मिनिटं लागतात. एकूण झाली शंभर मिनिटं. आता शेजारपाजारच्या सात जणी मदतीला आल्या. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं, आपला तवा, आपली शेगडी आणली. ऐंशी मिनिटांचं काम आठ जणींत वाटलं गेलं. ते दहा मिनिटांत उरकलं. पण डाळ? ती शिजायला वीस मिनिटंच लागणार. आठ जणी पातेल्याभोवती फेर धरून उभ्या राहिल्या, म्हणून डाळ लवकर शिजत नाही. म्हणजे वीस अधिक दहा, अशी तीस मिनिटं लागली. बायका आठपट झाल्या. काम मात्र जेमतेम सव्वातीनपट लवकर झालं.

सोळा जणी आल्या तर? पंचवीस मिनिटं. अख्खी आळी लोटली, तरी वीस मिनिटांच्या आत पहिली पोळी पानात पडणार नाही. म्हणजे वेग फार तर पाचपट. त्याहून अधिक नाहीच!

हाच हिशेब १९६७ साली जीन अॅमडाल या अमेरिकन कॉम्प्युटर-तज्ज्ञानं मांडला. आयबीएमच्या ‘सिस्टीम ३६०’ या गाजलेल्या यंत्राच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं ‘अॅमडालचा नियम’ म्हणून आजही शिकवलं जातं. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. हात कितीही वाढवा.

काम वाटून करण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली. तिथं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याची युक्ती हीच होती. एक अवाढव्य प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडायचे आणि मोठं काम त्यांच्यात वाटून द्यायचं. यंत्र जुळवण्याइतकंच महत्त्व त्यात काम वाटणाऱ्या सॉफ्टवेअरला होतं. तेव्हा जे कसब महासंगणकाला लागलं, तेच आता सांगलीच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला लागतं आहे.

एका फोटोच्या पोटात काय घडतं?

पण इथं चाणाक्ष वाचक अडवतील. पुरणपोळीत डाळ एकच असते. लग्नात तर तीन हजार वेगवेगळे फोटो आहेत. एक फोटो दुसऱ्यावर अवलंबून नाही. मग आठ कोअरना एकेक फोटो वाटून द्यायला अडचण काय?

शंका रास्त आहे. उत्तरासाठी एका फोटोचा प्रवास पाहायला हवा.

व्यावसायिक फोटोग्राफर फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढतात. रॉ म्हणजे कच्चा माल. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख ठिपके टिपले जातात. पण गंमत अशी, की प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग पाहतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीची ही करामत. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअरला अंदाजानं भरावे लागतात.

म्हणजे फोटो आधी डिस्कवरून वाचायचा. दाबून ठेवलेली फाइल उलगडायची. रंग भरायचे. मग माणसानं सांगितलेले बदल करायचे : उजेड, रंग, डाग, दाणेदारपणा. मग आकार लहान करायचा, धार आणायची. शेवटी तो ‘जेपेग’ स्वरूपात दाबून पुन्हा डिस्कवर लिहायचा.

यातली मधली कामं वाटून घेता येतात. फोटोच्या आठ पट्ट्या करा, एकेक पट्टी एकेका कोअरला द्या. पण सुरुवातीची फाइल उलगडणं आणि शेवटचं जेपेग दाबणं ही बहुतेक ठिकाणी ओळीनं करायची कामं आहेत. एका ठिपक्याचा हिशेब झाल्याशिवाय पुढच्याचा लागत नाही. ही झाली फोटोतली ‘डाळ’. ती शिजत असताना एक कोअर राबतो, बाकीचे सात बसून राहतात. म्हणून एका वेळी एकच फोटो हाती घेणारं सॉफ्टवेअर चालू असताना प्रोसेसरचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. क्षणभर सगळे कोअर कामाला लागतात, क्षणभर सगळे सुस्त. सरासरी निघते तीस-चाळीस टक्के.

मग सॉफ्टवेअर एका वेळी एकच फोटो का घेतं?

पहिलं कारण जुन्या सवयीचं. फोटोशॉपचं उदाहरण घ्या. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी जन्माला घातलेलं हे सॉफ्टवेअर अॅडोबी कंपनीनं १९९० साली बाजारात आणलं. एकच काम अनेक फोटोंवर आपोआप करणारी ‘अॅक्शन्स’ची सोय त्यात १९९६ साली आली. पण तिची रीत माणसाचीच नक्कल करणारी. फाइल उघड, ठरलेली कामं कर, साठव, बंद कर, पुढची उघड. फोटोशॉपचे काही फिल्टर तर नव्वदच्या दशकातच एकाहून अधिक प्रोसेसर वापरू शकत होते. तरी रांग मात्र एकेरीच राहिली.

दुसरं कारण मेमरी, म्हणजेच ‘रॅम’. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. तो चोवीस मेगापिक्सेलचा फोटो उलगडला, की दोन कोटी चाळीस लाख ठिपके, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, अशी १४४ मेगाबाइट जागा लागते. काम करताना सॉफ्टवेअर त्याच्या अनेक प्रती ओट्यावर पसरतं. एका फोटोचा पसारा बघता बघता गिगाबाइटपर्यंत जाऊ शकतो. आठ फोटो एकदम घेतले तर? ओटा भरून वाहील. मग कॉम्प्युटर तात्पुरता माल डिस्कवर हलवू लागतो आणि सगळंच रखडतं. आठ फोटो एकदम घेण्यापेक्षा एकेक घेतलेला बरा, अशी वेळ येते.

तिसरं कारण दाराशी होणारी गर्दी. आठ कोअरनी आठ फोटो घेतले, तरी ते येणार एकाच डिस्कवरून आणि जाणार एकाच डिस्कवर. ती डिस्क जुनी, फिरणारी असेल, तर आठही जण तिच्या दारात रांग लावून उभे! शिवाय फोटोंची नोंदवही असते. अॅडोबीच्या ‘लाइटरूम’मध्ये तिला ‘कॅटलॉग’ म्हणतात. ती ‘एसक्यूलाइट’ नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवलेली असते. तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. दुसऱ्यानं थांबायचं.

चौथं कारण भीतीचं. एकाच वेळी दोन कोअरनी एकाच जागी हात घातला, तर गोंधळ होतो. असा दोष हजारदा काम केल्यावर एकदाच दिसतो आणि शोधायला जावं तर सापडत नाही. तीन हजारांतला तो एक बिघडलेला फोटो नेमका मंगळसूत्र घालतानाचा निघाला तर? तो क्षण पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून जुनं, चालणारं सॉफ्टवेअर उलगडून नव्यानं विणायला कंपन्या बिचकतात.

आणि पाचवं कारण सोयीचं. मागं एक्स्पोर्ट चालू असताना फोटोग्राफरला पुढच्या लग्नाचे फोटो निवडायचे असतात. सगळे कोअर एक्स्पोर्टला दिले, तर माऊस हलता हलत नाही. म्हणून काही सॉफ्टवेअर मुद्दाम थोडी ताकद राखून ठेवतात. त्या वेळी रिकामा दिसणारा कोअर आळशी नसतो, राखीव असतो.

ओरड झाली आणि कंपनी हलली

लाइटरूम २००७ साली आलं आणि लग्नाच्या फोटोग्राफरांत रुळलं. फोटोंचे गठ्ठे हाताळण्यासाठीच ते बनवलं होतं. पण कॉम्प्युटरमधले कोअर वाढत गेले, तशी ‘आमचे पैसे गेले कुठे?’ ही ओरडही वाढत गेली. जुलै २०१७मध्ये अॅडोबीनं जाहीरपणे मान्य केलं, की लाइटरूमच्या वेगाबद्दल ग्राहकांची नाराजी आहे आणि तो सुधारणं हेच कंपनीचं पहिलं काम आहे.

फेब्रुवारी २०१८मध्ये ‘लाइटरूम क्लासिक’ची ७.२ ही आवृत्ती आली. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये १२ गिगाबाइट किंवा त्याहून अधिक रॅम आहे, त्यांच्याकडे अनेक कोअरचा चांगला वापर होईल, अशी सुधारणा तिच्यात होती. ही बारा गिगाबाइटची अट ध्यानात घ्या. ओटा मोठा असेल, तरच जास्त जणींना स्वयंपाकाला उभं करता येतं, ही कंपनीनंच दिलेली कबुली होती.

पुढे जून २०२२मध्ये आणखी एक पाऊल पडलं. ११.४ या आवृत्तीपासून एक्स्पोर्टचं काम ग्राफिक्स कार्डवरही टाकता येऊ लागलं. ग्राफिक्स कार्डात एकसारखं काम करणारे छोटे छोटे हात हजारोंनी असतात. फोटोच्या कोट्यवधी ठिपक्यांवर तेच ते गणित करायला ते पटाईत. त्यामुळे आता प्रोसेसर कमी राबताना दिसला, तर लगेच कपाळाला हात लावू नये. कदाचित काम शेजारच्या खोलीत चालू असेल!

फोटोग्राफरांची शक्कल

कंपनी जागी होईपर्यंत फोटोग्राफर स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी आपली शक्कल लढवली. सॉफ्टवेअर काम वाटत नाही ना? मग आपणच वाटून देऊ! बाराशे फोटोंचा एक गठ्ठा करण्याऐवजी चारशे-चारशेचे तीन गठ्ठे करायचे. पहिल्याचा एक्स्पोर्ट सुरू करायचा. तो चालू असतानाच दुसऱ्याचा सुरू करायचा, मग तिसऱ्याचा. एका गठ्ठ्यातली ‘डाळ’ शिजत असताना बाकीचे कोअर दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पोळ्या भाजतात. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच. पण एकूण काम लवकर संपायचं. जुन्या लाइटरूमवर काम करणाऱ्या अनेक फोटोग्राफरांनी या युक्तीवर लग्नाचे कितीतरी सीझन काढले.

काही सॉफ्टवेअरनी ही सोय स्वतःहून दिली. ‘डीएक्सओ फोटोलॅब’मध्ये एका वेळी किती फोटो एक्स्पोर्टला घ्यायचे, तो आकडा वापरणाऱ्यालाच ठरवता येतो. ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉ-थेरपी’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यांत एका फोटोचं काम अनेक कोअरमध्ये वाटण्याची व्यवस्था आहे.

पैसे खर्च करण्याआधी...

नवा कॉम्प्युटर घेण्याचा विचार मनात आला, की आधी घरच्या यंत्राची नाडी पाहावी. त्याला वैद्य लागत नाही.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचा आलेख दिसतो. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलं, की एकेकाचा वेगळा आलेख समोर येतो. हे चौकोन कोअरच्या दुप्पट दिसले, तर घाबरू नका. अनेक प्रोसेसरमध्ये एक कोअर दोघांचं सोंग घेतो. मॅकवर हेच काम ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’ करतो.

आता एक्स्पोर्ट सुरू करा आणि पाच मिनिटं नुसतं पाहा.

सगळे कोअर शंभर टक्क्यांच्या आसपास आहेत? मग प्रोसेसर खरोखरच अपुरा पडतोय. जास्त कोअरचं यंत्र घेतलं, तर पैसे सत्कारणी लागतील.

कोअर रिकामे आहेत, पण मेमरी काठोकाठ भरली आहे? मग प्रोसेसर नव्हे, रॅम वाढवा. ती नव्या कॉम्प्युटरच्या मानानं बरीच स्वस्त पडते. फक्त तुमच्या यंत्रात, विशेषतः लॅपटॉपमध्ये, ती वाढवण्याची सोय आहे का, ते आधी विचारून घ्या.

कोअर रिकामे, मेमरीही मोकळी. पण डिस्कचा आलेख शंभरावर? मग डिस्क हाच अडथळा. मेमरी कार्डावरून किंवा जुन्या बाहेरच्या डिस्कवरून थेट काम करू नका. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून कागदोपत्रीसुद्धा सेकंदाला ६० मेगाबाइटपेक्षा जास्त माल जात नाही. फोटो आधी कॉम्प्युटरच्या एसएसडीवर उतरवून घ्या आणि मग काम सुरू करा.

प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळंच निवांत आहे? मग ग्राफिक्स कार्डाचा आलेख पाहा. तो वर असेल, तर काम तिथं चालू आहे. तोही खाली असेल, तर सॉफ्टवेअरच काम वाटत नाही, असं समजा. आता ती गठ्ठ्यांची शक्कल करून पाहा. तेच शंभर फोटो एकदा एका गठ्ठ्यात काढा, एकदा दोन गठ्ठ्यांत आणि एकदा तीन गठ्ठ्यांत. घड्याळ लावून मिनिटं कागदावर लिहा. सर्वांत कमी मिनिटं ज्यात लागली, ती तुमची रीत. नव्या आवृत्तीत या युक्तीचा फायदा कदाचित कमी होईल, कारण आता सॉफ्टवेअर स्वतःच काम बऱ्यापैकी वाटतं. गठ्ठे वाढवत नेले, की एका टप्प्यानंतर मेमरी भरते आणि वेग उलटा घटतो. तिथं थांबायचं.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बॅटरीवर चालताना आणि तापल्यावर लॅपटॉप आपला वेग आपणच कमी करतो. तो उशी-गादीवर ठेवून रात्रभर एक्स्पोर्ट लावणं म्हणजे धावणाऱ्याच्या अंगावर गोधडी टाकणं. प्लग लावा, टेबलावर ठेवा, खालून हवा खेळू द्या.

आकड्यांची भूल

दुकानात गेलं, की आकडे अंगावर येतात. इतके कोअर, इतके गिगाहर्ट्झ! विक्रेता खोटं बोलतो असं नाही. कोअर आठच असतात. फक्त ते तुमच्या कामाला किती लागतील, हे त्या खोक्यावर छापलेलं नसतं. घरात मुलं अभ्यास करतात, पत्र टाइप करतात, सिनेमा पाहतात. त्यांना सोळा कोअरचा काही उपयोग नाही. पण चांगली एसएसडी आणि पुरेशी रॅम असेल, तर त्यांना फरक लगेच जाणवतो. उलट व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला बारा-सोळा कोअर कामाला लागूही शकतात. म्हणून दुकानात ‘सर्वांत भारी कुठला?’ असं न विचारता ‘माझं हे सॉफ्टवेअर आहे, एका वेळी एवढं काम असतं, त्याला काय लागेल?’ असं विचारावं. आणि शक्य असेल, तर आपलेच शंभर फोटो पेन ड्राइव्हवर नेऊन तिथल्या यंत्रावर चालवून पाहावेत. साडी घेताना पदर उलगडून पाहतोच ना आपण? मग लाखाचं यंत्र नुसत्या खोक्यावरून का घ्यायचं?

स्टुडिओचा धंदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलमध्ये कॅमेरा. वऱ्हाडी मंडळींचे फोटो अक्षता पडण्याआधी गावभर झालेले असतात. अशा वेळी लग्नाच्या फोटोग्राफरकडे दोनच गोष्टी उरतात : त्याची नजर आणि दिलेल्या वेळी काम देण्याचा शब्द. नजर विकत मिळत नाही. शब्द मात्र सांभाळता येतो आणि त्यासाठी दर वेळी नवं यंत्र लागत नाही.

रात्रभराचं काम मध्यरात्रीआधी संपलं, तर उरलेले तास कुणाचे? ते त्या फोटोग्राफरचे, त्याच्यासोबत जागून अल्बम लावणाऱ्या त्याच्या बायकोचे आणि सकाळी बाबा जागे दिसतील या आशेनं झोपलेल्या पोराचे. पाच मिनिटं आलेख पाहून आणि तीन गठ्ठे करून ते मिळणार असतील, तर पुढचा हप्ता बांधण्याआधी एवढं करून पाहायला काहीच हरकत नाही!